कवळीपासून सी-लिंकपर्यंत

नागदेवी स्ट्रीटवर ॲरल्डाइटच्या जोड-ट्यूब मागणाऱ्या सुताराला, हा माल मुळात कवळीसाठी शोधला गेला, असं सांगितलं तर खरं वाटणार नाही. पण घडलं तसंच. झुरिकच्या 'दे त्रे' या दंतसाहित्याच्या कंपनीत पिएर कास्तां दातांसाठी नवी राळ शोधत होता. 1938 साली त्याने इपॉक्सीच्या पेटंटसाठी अर्ज केला. कवळीच्या बाजारात बाजी मारली ॲक्रिलिकने. परवाना बाझेलच्या सिबाकडे गेला, आणि 1946 मध्ये तीच राळ 'ॲरल्डाइट' नावाचा गोंद म्हणून बाजारात आली. भारतातला हा ब्रँड 2020 पासून मुंबईच्याच पिडिलाइटकडे आहे.

इपॉक्सीच्या पितृत्वाचा वाद जुना आहे. अमेरिकन मंडळी एका रंगकंपनीतल्या सिल्व्हन ग्रीनलीचं नाव पुढे करतात, जर्मन पाउल श्लाकचं. श्लाकचा अर्ज 1934 चा, म्हणजे तारखेवर तोच जिंकतो. पण त्याचा रोख अमाइन या नायट्रोजनयुक्त संयुगांवर होता. साच्यात ओतून टणक, न आकसणारी वस्तू घडवायची, हा ध्यास कास्तांचा. कुळाचा मूळपुरुष तोच.

कवळी का फसली? ॲक्रिलिक सोपं होतं, हे नेहमीचं उत्तर. त्याहून पटणारा तर्क रसायनात आहे. कास्तां राळ घट्ट करायला थॅलिक ॲनहायड्राइड वापरायचा. त्यातून एस्टरचे बंध तयार होतात आणि उबदार ओलाव्यात पाणी ते हळूहळू तोडतं. तोंडाइतकी ओली जागा दुसरी कुठली?

आजच्या ट्यूबमधला हार्डनर अमाइनच्या घराण्यातला. तरी पाणी मुरतंच, कारण राळ घट्ट होताना तयार होणाऱ्या हायड्रॉक्सिल गटांना पाण्याची ओढ असते. एक टक्का पाणी मुरलं, तरी राळ मऊ पडण्याचं तापमान दहा-वीस अंशांनी उतरतं. गिरगावातल्या एखाद्या गच्चीवर त्यात उन्हाची भर पडते. राळेतली बेंझिनची वलयं अतिनील किरण शोषतात, लेप पिवळा पडतो, मग वरचा थर खडूसारखा सुटतो. पाऊस ती भुकटी धुऊन नेतो आणि खालचा कोरा थर पुन्हा उन्हाच्या तोंडी देतो. दोघे मिळून जे करतात, ते एकट्याला जमत नाही.

हीच वलयं गॅमा किरणांपुढे मात्र राळेचं कवच होतात. आलेली ऊर्जा ती आपसांत पसरवतात आणि बंध सहजी तुटत नाहीत. म्हणून सर्न या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेतल्या चुंबकांच्या वेटोळ्यांतही इपॉक्सी आहे.

2009 साली खुल्या झालेल्या वांद्रे-वरळी सी-लिंकवर काँक्रीटच्या तयार खंडांचे सांधे इपॉक्सीनेच जोडले आहेत. त्या सांध्यांत ऊन शिरत नाही. तिथे सामना फक्त खाऱ्या ओलाव्याशी.