'जेडेड' व 'हॅक्नीड' : अर्थविकासाचा एक धागा

थकवा व अतिवापर दर्शविणारे 'जेडेड' व 'हॅक्नीड' हे इंग्रजी शब्द मूळचे पागेतले होत. 'जेड' म्हणजे झिजलेले तट्टू, 'हॅक्नी' म्हणजे स्वारीचे साधे घोडे. चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात चॉसरच्या 'कॅन्टरबरी टेल्स'मध्ये ही दोन्ही नामे आढळतात. हॅक्नी हे नाव बहुधा लंडननजीकच्या त्याच नावाच्या गावावरून पडले असावे. हे घोडे भाड्याने दिले जात. पुढे भाडोत्री गाड्यांसही तेच नाव लागले व १६५४ मध्ये लंडनमधील अशा गाडीवानांसाठी नियम केले गेले. भाड्याचे जनावर सर्वांनी हाकावे, जपावे मात्र कोणीच नाही. सर्वांच्या तोंडी पडून निस्तेज झालेल्या वाक्प्रयोगास 'हॅक्नीड' हे विशेषण लागले, ते याच न्यायाने. 'जेडेड' मात्र माणसाच्या विटलेल्या मनाकडे वळले. एकाच प्राण्याची झीज अशा रीतीने एका शब्दाने भाषेस, दुसऱ्याने मनास लावली. तो कष्टकरी प्राणी मात्र दोन्ही अर्थांतून लोपला.