शिस्त : बादशहाची बंदूक आणि सातवीतला एक प्रश्न

मी शाळेत उर्दू शिकवते आणि मराठीही. त्या दिवशी सातवीच्या वर्गात फळ्यावर 'शिस्त' हा शब्द लिहिला होता. मुलांना त्याचा एकच अर्थ ठाऊक : रांगेत चालायचं आणि तोंड बंद ठेवायचं. मी सांगितलं की जुन्या मराठीत 'शिस्त धरणे' म्हणजे बंदुकीचा नेम धरणे. उर्दूत 'शिस्त बाँधना' म्हणजे तेच. हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला. शिकार, निशाण, गोलंदाज हेही त्याच वाटेने आले. तोफ आली तुर्कीतून. मुलांना मजा वाटली. मग मागच्या बाकावरून एकाने विचारलं, "मॅडम, अकबर बादशहा बंदूक चालवायचा का? आणि तो चांगला होता की वाईट?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर देऊन होईपर्यंत घंटा झाली. खरं सांगते, मी त्या घंटेचे मनातल्या मनात आभार मानले. दुसऱ्या प्रश्नाची उधारी राहिली होती, ती या लेखात फेडायचा प्रयत्न करते.

सुरुवात माझ्या आजोळापासून करते, कारण बंदूक म्हणजे काय हे मला पुस्तकाआधी तिथे कळलं. मरहूम नानांकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्याची ठासणीची बंदूक होती. कोकणात अशा बंदुका घरोघरी नसल्या तरी गावोगावी असत. निवडणूक आली की त्या पोलीस ठाण्यात जमा करायच्या आणि नंतर परत आणायच्या. भात पोटरीला आलं की रानडुकरं शेतात उतरत. डुक्कर आमच्या खाण्यातलं नाही, पण आमचं भात त्याच्या खाण्यातलं होतं.

हंगाम सुरू होण्याआधी नाना बंदूक 'लावून' घेत. दरडीला फळी टेकवायची आणि तिच्यावर कोळशाने काळा ठिपका काढायचा. मग चाळीस पावलं मोजून मागे यायचं. पितळी मापट्याने दारू ओतायची, तेलाच्या चिंधीत शिशाची गोळी गुंडाळून गजाने ठासायची, कानावर केप बसवायची. असे तीन बार काढायचे आणि दर बारानंतर नळी पुसायची, कारण काजळी साचली की गोळी पहिल्यासारखी जात नाही. तिन्ही गोळ्या डावीकडे लागल्या तर नाना नळीच्या टोकाची माशीही हलक्या हाताने डावीकडे सरकवत. लहानपणी मला ते उलटं वाटायचं. आणि एकदा जमलं की दारूचं माप बदलायचं नाही. नाना म्हणत, "चूक कुठली ते आधी बघायचं, नळीची की आपल्या हाताची."

पुढे अबुल फजलचा 'आईन-ए-अकबरी' वाचायला घेतला, तेव्हा बंदुकांवरच्या प्रकरणात मला नानांची दरड दिसली. ब्लॉकमनने केलेलं त्याचं इंग्रजी भाषांतर 1873 सालचं आहे आणि सहज मिळतं. तिथली बंदूक तोड्याची, म्हणजे जळत्या वातीने पेटणारी. पण लावून घेण्याची रीत ओळखीची वाटली.

पूर्वी लोखंडाचा पत्रा वळवून त्याच्या कडा जोडत आणि नळी करत. ती फुटायची आणि माणसं मरायची. अकबराच्या कारखान्यात पत्रा तिरका पिळत नेऊन पदरावर पदर चढवत आणि हळूहळू तापवत जोडत. अशी नळी तोंडापर्यंत दारू भरून उडवली तरी फुटत नाही, असा अबुल फजलचा दावा आहे. तो दरबारी लेखक होता. प्रत्येक शोध बादशहाच्याच नावावर मांडणं हे त्याचं कामच होतं. पण उस्ताद कबीर आणि हुसेन या दोन कारागिरांची नावं त्याने लिहून ठेवली, याबद्दल त्याचे आभार मानले पाहिजेत. लोहाराचं नाव इतिहासात सहसा येत नाही.

नळी तयार झाली की आधी एक तृतीयांश दारू भरून बार काढत. कुठून पाझर नाही हे पटलं की ती बादशहासमोर येई. मग ती दस्त्यात बसवून पुन्हा चाचणी होई. गोळी वाकडी गेली, तर नळी तापवायची, आत गज घालून सरळ करायची आणि मगच कानस मारणाऱ्याकडे द्यायची. लोखंड कुठलं, वजन किती, कारागीर कोण, जागा कुठली आणि साल कुठलं, याच्या खुणा बंदुकीवर कोरल्या जात. नळ्या साफ करायला एक चाक होतं, ते जनावराच्या जोरावर फिरे आणि एकाच वेळी सोळा नळ्या घासून निघत.

हजारो बंदुकांतून 105 बंदुका बादशहाच्या खास वापरासाठी निवडलेल्या होत्या आणि त्यांच्या पाळ्या ठरलेल्या होत्या. कुठल्या बंदुकीने किती शिकार झाली, याची रोजची नोंद लिहिणारा वेगळा माणूस होता. या सगळ्यांत पहिला मान 'संग्राम' नावाच्या बंदुकीचा. अबुल फजल तिच्या नावावर 1,019 जनावरं मांडतो. जहांगीर आपल्या आठवणींत वडिलांच्या याच बंदुकीबद्दल तीन-चार हजार पशुपक्षी सांगतो. एक आकडा नोंदवहीतला आणि एक मुलाच्या अभिमानातला. इतिहास वाचताना या दोन आकड्यांतला फरक ओळखता आला पाहिजे, हे मी मुलांना नेहमी सांगते.

पण संग्रामने फक्त काळवीट मारले नाहीत.

ऑक्टोबर 1567 मध्ये अकबराने चित्तोडला वेढा घातला. फेब्रुवारी 1568 मध्ये एका रात्री तटाला पडलेलं खिंडार बुजवण्याचं काम चालू होतं. तिथे मशालींच्या उजेडात एक चिलखत घातलेला सरदार फिरताना दिसला. अकबराने संग्रामचा बार काढला. शिकार लागली की हाताला जे जाणवतं ते आता जाणवलं, असं तो जवळच्या राजा भगवानदासला म्हणाल्याचं अबुल फजल लिहितो. थोड्याच वेळात किल्ल्यातून ज्वाळा उठल्या. तो जौहर आहे, हे भगवानदासनेच सांगितलं. पडलेला सरदार होता जयमल राठोड, किल्ल्याचा सेनापती.

दुसऱ्या दिवशी किल्ला पडला आणि कत्तलीचा हुकूम झाला. अबुल फजल स्वतः सुमारे तीस हजार माणसं मारली गेल्याचं लिहितो. त्यात लढणारे होते आणि किल्ल्यात आसरा घेतलेली साधी रयतही होती. हा आकडा कुठल्या शत्रूने लिहिलेला नाही, बादशहाच्या मित्राने लिहिला आहे. म्हणून तो नाकारायला आपल्याला जागा नाही. नाकारण्याचं कारणही नाही.

आता दुसरा प्रसंग. दहा वर्षांनी, 1578 साली, पंजाबात झेलमकाठच्या भेरा इथे कमरगाह शिकार मांडली होती. कमरगाह म्हणजे मैलोगणती गोल घेरून, हाकारे घालत सगळी जनावरं मधे आणायची आणि मग बादशहाने आत शिरून मारायची. कित्येक दिवसांची तयारी झाली होती, घेर आवळत आला होता. अशा वेळी अकबराची अवस्था एकाएकी बदलली. ती कशी, यावर इतिहासकार अजून वाद घालतात. झालं ते इतकं : शिकार थांबवा, एका चिमणीलाही कुणी हात लावू नका, असा हुकूम सुटला. घेर मोडला आणि जनावरं मोकळी झाली. 1583 मध्ये जैन आचार्य हीरविजय सूरी दरबारात आले आणि त्यानंतर पर्युषणाच्या दिवसांत जनावरांच्या कत्तलीवर बंदी आली.

म्हणजे तो भेरानंतर साधू झाला का? नाही. त्याने शिकार पुरती सोडली असंही नाही. संग्रामचा हिशेब पुढेही ठेवला जात होता.

आमच्या मुलांना हा प्रश्न अधूनमधून वेगळ्याच सुरात विचारला जातो, जणू अकबर त्यांचा चुलता होता आणि त्याची बाकी त्यांच्याकडे निघते. मग मुलं दोनपैकी एक करतात. एक तर त्याचा प्रत्येक बार योग्य ठरवतात, नाहीतर मान खाली घालून विषय बदलतात. मी स्वतः दोन्ही केलेलं आहे. कॉलेजात असताना चित्तोडचं नाव निघालं की मी लगेच हीरविजय सूरींचं नाव काढायची. तो इतिहास नव्हता, ती वकिली होती. अकबर माझा चुलता नाही आणि अशीलही नाही. गोळी वाकडी गेली हे कबूल केल्याशिवाय त्याचे कारागीरही नळी सरळ करायला घेत नसत.

पुढच्या तासाला मी मुलांना दोन्ही प्रसंग सांगितले, आधी चित्तोड आणि मग भेरा. जौहराचं ऐकताना वर्ग गप्प झाला होता. जनावरं सुटल्याचं ऐकून दोघा-तिघांनी टाळ्या वाजवल्या, आणि मग आपण टाळ्या वाजवायला हव्या होत्या का, अशा नजरेने माझ्याकडे पाहिलं.

प्रश्न विचारणारा मुलगा शेवटी म्हणाला, "मॅडम, मग परीक्षेत काय लिहायचं? चांगला की वाईट?"

मी म्हटलं, "बेटा, कुठल्या दिवशी काय केलं ते साल घालून लिही. दोन्ही लिही. आणि तीस हजार लिहिताना शून्यं मोजून लिही."

त्याने वहीत आकडा लिहिला आणि बोट ठेवून शून्यं मोजली.