चावी, चोक आणि चालू इंजिन

मंडळी, शारजातल्या कुठल्याही शाळेबाहेर दुपारी जाऊन पाहा. गाड्यांची रांग, सगळ्यांची इंजिने चालू आणि काचेआड एसीत बसलेले पालक. त्या रांगेत मीही असायचो. "अहो, बंद करा ना इंजिन," असे सौ. म्हणाली की माझे उत्तर ठरलेले: "पुन्हा चालू करताना जास्त पेट्रोल जातं!"

हे वाक्य माझे नव्हे, बाबांचे. आम्हा संगणकवाल्यांना जुन्या प्रोग्रॅममध्ये अशा ओळी सापडतात. कोणी आणि का लिहिल्या ते ठाऊक नसते, पण काढायची हिंमत होत नाही. म्हणून या ओळीचा इतिहास शोधायचे ठरवले.

मोटारीच्या सुरुवातीच्या काळात इंजिन सुरू करणे म्हणजे कसरतच होती. हँडल मारावे लागे आणि ते उलटले तर हात मोडायचा. चार्ल्स केटरिंग यांचा विजेवर चालणारा स्टार्टर १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये आला आणि ही कसरत संपू लागली. कार्ब्युरेटर मात्र राहिला. थंड इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नाही, म्हणून चोक ओढून हवा कमी आणि पेट्रोल जास्त द्यायचे. त्यातले काही न जळताच धुरावाटे जायचे. पुण्याच्या थंडीत बाबा आमच्या पद्मिनीचा चोक ओढायचे तेव्हा येणारा पेट्रोलचा वास अजून आठवतो. त्यांचे वाक्य त्या सकाळपुरते अगदी खरे होते!

पण त्याच काळात मुंबईचे टॅक्सीवाले कुर्ल्याला बनलेली तीच पद्मिनी सिग्नलला खुशाल बंद करायचे. लहानपणी मला तो कंजूषपणा वाटे. खरे तर त्यांचे इंजिन दिवसभर तापलेले असायचे, त्याला चोक लागतच नसे. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी तेलाची नाकेबंदी केली आणि काही महिन्यांत कच्च्या तेलाचा भाव सुमारे चौपट झाला. १९७८ मध्ये भारत सरकारने इंधनबचतीसाठी पी.सी.आर.ए. ही संस्था काढली. टॅक्सीवाल्यांना मात्र हे शहाणपण खिशानेच शिकवले होते.

पुढे प्रदूषणाचे नियम कडक झाले आणि २००० च्या सुमारास भारतातल्या नव्या मोटारींतून कार्ब्युरेटर हद्दपार होऊ लागला. आता किती पेट्रोल सोडायचे ते संगणक ठरवतो. अमेरिकेतल्या आरगॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेचा निष्कर्ष असा, की दहा सेकंदांपेक्षा जास्त थांबायचे असेल तर तापलेले इंजिन बंद करून पुन्हा चालू करण्यातच पेट्रोल वाचते. मी एम.एस. अमेरिकेतच केले, पण तिथेही हिवाळ्यात दहा-दहा मिनिटे इंजिन तापवत बसायचो!

उभ्या गाडीत तासाला साधारण एक ते दोन लिटर पेट्रोल जळते. शाळेबाहेर रोज दहा मिनिटे धरली, तर शाळेच्या १८० दिवसांत ३० ते ६० लिटर. इथे पेट्रोलचे दर सरकारने बांधलेले होते तोवर कोणी हा हिशेब केला नाही. ऑगस्ट २०१५ पासून दर महिन्याला बदलू लागले. तेव्हा २.१४ दिरहॅमला असलेले स्पेशल ९५ जुलै २०२२ मध्ये ४.५२ वर गेले होते.

आता इथल्या उन्हात इंजिन बंद करून गाडीत बसा, असे मी मुळीच म्हणणार नाही. मुलांना बंद गाडीत तर क्षणभरही ठेवू नये. उपाय साधा आहे. शाळा सुटायच्या वेळीच पोहोचायचे, गाडी बंद करायची आणि फाटकाजवळ सावलीत उभे राहायचे. आपली पोरे धुराच्या नळकांड्यांच्या उंचीनेच त्या रांगेतून चालत येतात, हे पेट्रोलच्या हिशेबापेक्षा मोठे.

परवा फोनवर बाबांना हे सगळे सांगितले. क्षणभर थांबून ते म्हणाले, "आमच्या फियाटचं खरं होतं रे. तुझी गाडी वेगळी."

मी ती ओळ आता काढून टाकली आहे.