घरांची यादी कोणाच्या हातात?

घरांच्या दलालीत दोन नियम फार पवित्र मानले जातात. गिऱ्हाइकाने विश्वासाने सांगितलेली गोष्ट बाहेर फोडायची नाही, हा पहिला. विक्रीला आलेल्या घराची माहिती व्यवसायबंधूंना द्यायची, हा दुसरा. दोन्ही ऐकायला रास्त वाटतात. पण गुपित कोणाचे राखायचे आणि बंधू कोणाला म्हणायचे, हे कोणी ठरवले? अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी या प्रश्नाचे उत्तर पिढ्यान्‌पिढ्या भोगले आहे. त्यांच्याच एका चळवळीवरून १९७२ साली आपल्या पँथरने नाव घेतले. तेव्हा हा इतिहास आपल्याला परका नाही.

१९१७ साली शिकागोच्या रिअल इस्टेट बोर्डाने धोरण आखले की, कृष्णवर्णीयांना घरे द्यायची ती त्यांच्या आधीच्या वस्तीला लागूनच. एक चौक पुरता भरला की मगच पुढचा. त्याच वर्षी बडोद्यात डॉ. आंबेडकरांना पारशी नाव लावून पारशी विश्रामगृहात उतरावे लागले, आणि गुपित फुटताच लाठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. बडोद्यात जमाव होता. शिकागोत ठराव होता. तेथे काम सभ्य माणसांनी कागदावर केले, एवढाच फरक.

१९२४ साली देशभरच्या दलालांच्या राष्ट्रीय संघटनेने हेच तत्त्व आपल्या नीतिसंहितेत घातले. ज्या वंशाच्या लोकांमुळे वस्तीतील घरांचे भाव उतरतील, त्यांना तेथे आणण्यास दलालाने कारण होऊ नये, असा त्या कलमाचा आशय. म्हणजे काळ्या माणसाला घर दाखवणे ही अनीती ठरली! वंशाचा उघड उल्लेख १९५० साली गाळला गेला. व्यवहार मात्र चालूच राहिला.

याचे यंत्र होते सामायिक यादी. एका दलालाकडे आलेले घर यादीत जाई, दुसरा दलाल त्याला गिऱ्हाईक आणी आणि दलाली दोघांत वाटली जाई. पण यादी बोर्डाच्या सभासदांपुरती. अनेक शहरांत कृष्णवर्णीय दलालांना सभासदत्वच मिळत नसे, त्यामुळे कोणते घर विक्रीला आहे हे त्यांना कळतच नसे. 'रिअल्टर' ही उपाधीही त्यांना लावता येत नसे. १९४७ साली त्यांनी स्वतःची राष्ट्रीय संघटना उभारली आणि स्वतःला 'रिअल्टिस्ट' म्हणवून घेतले. त्यांचे घोषवाक्य होते, घरांच्या बाबतीत लोकशाही.

दुसरी बाजू अधिक भयानक आहे. घराचे गुपित राखणाऱ्यांनी खरेदीदाराचे मात्र काहीच खाजगी ठेवले नाही. डेट्रॉईटजवळच्या ग्रोस पॉइंट या श्रीमंत उपनगरात दलाल आणि घरमालकांच्या संघटना खाजगी गुप्तहेर लावून येऊ घातलेल्या कुटुंबाची चौकशी करीत. राहणी अमेरिकन आहे का? वर्ण किती सावळा? उच्चार कसे? मित्र कोण? त्यावर गुण दिले जात. उत्तीर्ण व्हायला साधारणपणे ५०. पोलिश वंशीयांना ५५, दक्षिण युरोपीयांना ६५, ज्यूंना ८५. कृष्णवर्णीय आणि आशियाई यांचा विचारच नाही. (आपल्याकडे आडनाव विचारले की हे बरेचसे काम उरकते.) नापसंत माणसाला घर विकणाऱ्या दलालाची दलाली जात असे. आपल्यावर गुणपत्रिका भरली जात आहे, हे त्या कुटुंबाला ठाऊकही नसे. १९६० साली एका खटल्यात हे बाहेर आले.

४ एप्रिल १९६८ रोजी मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली आणि ११ एप्रिलला समान गृहनिवारणाच्या कायद्यावर सही झाली. वंशावरून कोणाला सामायिक यादीपासून वा दलालांच्या संघटनेपासून दूर ठेवणे त्याने बेकायदा केले. गुपिताचा अर्थही त्यामुळे बदलला. अमुक लोकांना घर देऊ नका, असे मालकाने कानात सांगितले तर ती गोष्ट विश्वासाची म्हणून दलालाला पाळता येत नाही. त्याने ते काम नाकारले पाहिजे. राष्ट्रीय संघटनेने आपल्या जुन्या धोरणाबद्दल जाहीर माफी मागितली ती २०२० साली.

त्याच्या आदल्याच वर्षी 'न्यूजडे' या वृत्तपत्राने न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडमध्ये एक पाहणी प्रसिद्ध केली होती. गोरे आणि बिगरगोरे 'खरेदीदार' सारखीच मिळकत आणि सारखीच मागणी सांगून दलालांकडे पाठवले गेले. एकट्या गिऱ्हाइकाला कधीच संशय आला नसता, कारण दुसऱ्याला दिलेली यादी त्याच्या हाती येत नाही. दोन्ही याद्या शेजारी ठेवल्यावर निराळे चित्र दिसले. कृष्णवर्णीयांना ४९ टक्के चाचण्यांत असमान वागणूक मिळाली होती. काही दलालांनी गोऱ्यांना तशीच घरे दाखवली आणि काळ्यांना सांगितले, आधी बँकेचे कर्जमंजुरीचे पत्र आणा.