दान, इनाम आणि घरातली वही

सज्जनहो, हल्ली गावोगावी अनुदानाची बोलणी ऐकू येतात. मंदिराला निधी, दिंडीला निधी, वृद्ध कलावंताला मानधन. सरकारचा हा पैसा वारकऱ्याने घ्यावा का, असे मंडळी विचारतात. उत्तर देण्याआधी थोडे मागे जाऊन पाहू.

पंढरीच्या राउळातला चौऱ्याऐंशीचा शिलालेख तुम्ही पाहिला असेल. चौऱ्याऐंशी लक्ष योनींचा फेरा चुकावा म्हणून भाविक त्याला पाठ घासत आले, इतकी की अक्षरे झिजली. पण तो लेख मुळात देणगीदारांची यादी आहे. शके 1195 ते 1199, म्हणजे इ. स. 1273 ते 1277 या काळात विठ्ठलाच्या देवळाला कोणी काय दिले, ते दगडात कोरले गेले. यादवराजा रामचंद्रदेव आणि हेमाद्री पंडित त्यात आहेत, तसेच इतर भाविकही आहेत. माउलींचा जन्म परंपरेने शके 1197 चा मानतात. म्हणजे ही वर्गणी चालू असतानाचा. राजाचे दान आणि प्रजेचे दान एकाच दगडावर आले, ही आपली जुनी रीत.

आमचा येडशीचा मुलूख 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता. इकडे देवाच्या सेवेसाठी दिलेल्या जमिनीला खिदमतमाश म्हणतात. खिदमत म्हणजे सेवा. जमीन विकायची नाही, तिच्या उत्पन्नावर पूजा आणि दिवाबत्ती चालवायची. सेवा हीच त्या दानाची अट. पुढे कुठे कुठे वाटण्या झाल्या, दावे लागले. सातबारा राहिला आणि दिवा विझला. सेवेपासून सुटलेले दान असे वाया जाते.

आता तुकोबांचे पाहा. शिवछत्रपतींनी पाठवलेला नजराणा त्यांनी परत केला, असे परंपरा सांगते. त्याच तुकोबांची गाथा पुढे इंग्रज अमदानीत सरकारी पैशाने छापली गेली! मुंबई सरकारने 24,000 रुपये दिले. विष्णु परशुराम शास्त्री पंडित यांनी शंकर पांडुरंग पंडित यांच्या साहाय्याने ती संपादली, आणि इंदुप्रकाश छापखान्यातून ती 1873 पर्यंत दोन भागांत बाहेर आली. पुढे 1950 मध्ये मुंबई सरकारनेच गाथा पुन्हा काढली. मग तुकोबांचा बाणा मोडला का? नाही. त्यांनी नाकारले ते स्वतःसाठी आलेले धन. गाथेचा पैसा कोणा एकाच्या पदरात पडला नाही, तो अवघ्या लोकांच्या हाती अभंग होऊन पोचला.

पण यातली खरी गोष्ट वेगळीच आहे. शास्त्रीबुवांनी पाठ जुळवले ते देहू, तळेगाव, कडूस आणि पंढरपूर येथल्या वह्यांवरून. त्या वह्या सव्वादोनशे वर्षे कोणी सांभाळल्या? अनुदान तेव्हा कुठे होते? घराघरांतल्या माणसांनी त्या सोवळ्यात बांधून, उन्हे दाखवून, पुन्हा पुन्हा उतरून घेऊन जपल्या. वह्याच नसत्या, तर 24,000 रुपयांनी काय छापले असते?

आजही तसेच आहे. 2024 मध्ये सरकारने दर दिंडीला 20,000 रुपये जाहीर केले. पंढरीच्या मंदिराच्या जतनासाठी 73 कोटींहून अधिक मंजूर झाले, आणि फरशा काढून मूळ दगड उघडा करण्यात आला. दगडाचे जतन पैशाने होते, ते व्हावेच. 2025 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात हस्तलिखितांसाठी ज्ञान भारतम् ही योजनाही आली. पण तुमच्या माळ्यावरचे आजोबांचे बाड कोणत्या कार्यालयाला ठाऊक आहे?

म्हणून वारकरी मायबापहो, एवढे करा. या एकादशीला घरातली जुनी बाडे खाली काढा. धूळ मऊ कपड्याने टिपा, फाटक्या पानांना चिकटपट्टी लावू नका, सुती कापडात बांधा आणि गावातल्या सर्व बाडांची यादी करा. कोणी अभ्यासक किंवा सरकारी माणूस आला तर फोटो जरूर काढू द्या, मात्र मूळ वही लेखी पावतीशिवाय देऊ नका. आणि वहीतला एक तरी अभंग नातवाला चालीवर म्हणायला शिकवा. चालीला अनुदान नाही, तिला गळाच लागतो.

सरकारचा निधी आला तर तो दान म्हणून घ्या, पण खिदमतीच्या अटीवर. हिशेब देवळाच्या भिंतीवर लावा, चौऱ्याऐंशीच्या लेखासारखा, सर्वांना वाचता येईल असा. आणि निधी नाही आला, तरी दिवा आपल्याच तेलावर तेवत ठेवा.

पुंडलिकवरदा हरी विठ्ठल!