लाल आणि माणिक

विवाहप्रसंगी नवरत्नांची अंगठी करण्याची चाल आमच्या कित्येक घरांत आहे. तीत सूर्याचे रत्न म्हणून माणकास अग्रमान. आणि तांबडा, पाणीदार खडा दिसला की तो माणिकच, असा सार्वत्रिक समज. या समजाने राजेरजवाड्यांनाही चकविले आहे. तो इतिहास ज्ञातिबांधवांपुढे थोडक्यात ठेवीत आहोत.

मध्य आशियातील बदख्शान प्रांतात पूर्वीपासून एक तांबडे रत्न निघते. फारसीत त्यास ‘लाल’ म्हणत आणि माणकास ‘याकूत’. अकराव्या शतकात अल्-बिरूनी या पंडिताने रत्ने पाण्यात तोलून त्यांचे विशिष्ट गुरुत्व काढले व या दोहोंतील भेद नोंदविला. मोगल बादशहांना लालाची मोठी आवड होती. ३५२.५ कॅरट वजनाच्या एका लालावर जहांगीर, शहाजहान आदी बादशहांची नावे कोरलेली आहेत. १७३९ साली नादिरशहाने दिल्ली लुटून तो नेला. पुढे लाहोरच्या खजिन्यातून तो इंग्रजांच्या हाती पडला, आणि त्यास नाव मिळाले ‘तैमूरचे माणिक’! इंग्लंडच्या राजमुकुटातील ‘ब्लॅक प्रिन्सचे माणिक’ही वस्तुतः लालच होय.

युरोपात १७८३ साली रोमे द लिल या फ्रेंच शास्त्रज्ञाने ही दोन रत्ने निराळी ठरविली. लालास इंग्रजीत स्पिनेल म्हणतात. दोहोंची लाली क्रोमियममुळेच. परंतु माणिक हे ॲल्युमिनियमचे ऑक्साइड, तर लालात मॅग्नेशियमही असते. माणकाचे विशिष्ट गुरुत्व सुमारे ४ व काठिण्य ९. लालाचे अनुक्रमे ३.६ व ८.

आज घेणाऱ्यापुढील अडचण अधिकच वाढली आहे. १९०२ साली व्हर्नय या फ्रेंच रसायनज्ञाने भट्टीत माणिक बनविण्याची कृती प्रसिद्ध केली; त्याच कृतीने पुढे कृत्रिम लालही होऊ लागले. तेव्हा केवळ डोळ्यांवर विसंबून चालावयाचे नाही. पावतीवर रत्नाचे नाव, वजन, ते खाणीतले की कृत्रिम, आणि उष्णता देऊन रंग सुधारला आहे काय, हे लिहून घ्यावे. मोठ्या किमतीचा खडा असेल तर रत्नपरीक्षेच्या प्रयोगशाळेचे प्रमाणपत्र आधी मागावे, पैसे मागाहून द्यावे.

लाल म्हणजे खोटे माणिक नव्हे. बादशहांनी ज्यावर आपली नावे कोरविली ते रत्न हलके कसे म्हणावे? मात्र ते लाल म्हणून, लालाच्या मोलाने घ्यावे. वर्षानुवर्षांची शिल्लक मोडून लेकीसाठी दागिना करणाऱ्या गृहस्थाने आपण काय घेतले हे जाणून घेणे, हा त्याचा हक्कच आहे.