वृद्धांचा सन्मान आणि वृद्धांचा हक्क : पाली साहित्य व अशोकाचे लेख

वृद्धांचा आदर करावा, असे सांगणारी वचने आपल्याकडे विपुल आहेत. परंतु तो आदर केला गेला नाही तर वृद्धाने कोणाकडे जावे, या प्रश्नाचा विचार फार थोड्या ठिकाणी आढळतो. पाली साहित्य आणि सम्राट अशोकाचे लेख या दृष्टीने वाचले असता असे दिसून येते की, हा प्रश्न प्राचीन भारतात विचारला गेला होता आणि त्याचे उत्तर घराच्या उंबरठ्याबाहेर शोधले गेले होते.

दीघ निकायातील सिगालोवाद सुत्तात मुलांची आईवडिलांप्रती पाच कर्तव्ये सांगितली आहेत. त्यांत पहिले कर्तव्य आहे ते भरणपोषणाचे. ज्यांनी मला पोसले त्यांना मी पोसीन, हा त्याचा आशय होय. येथेच आईवडिलांचीही मुलांप्रती पाच कर्तव्ये दिली असून, योग्य वेळी वारसा मुलांच्या स्वाधीन करणे हे त्यांपैकी एक आहे. म्हणजे हे नाते एकतर्फी नाही. दोन्ही बाजूंनी निभावण्याचा तो व्यवहार आहे. मात्र एका बाजूने तो मोडला तर काय, हे सिगालोवाद सुत्त सांगत नाही.

ते संयुत्त निकायातील ब्राह्मणसंयुत्तात सापडते. एक धनाढ्य म्हातारा ब्राह्मण फाटकेतुटके पांघरूण घेऊन भगवान बुद्धांकडे येतो. चार मुलांनी आपापल्या बायकांशी सल्लामसलत करून आपल्याला घराबाहेर काढले, असे तो सांगतो. येथे भगवंत मुलांना बोलावून उपदेश करीत नाहीत, आणि म्हाताऱ्याला सहन कर असेही म्हणत नाहीत. ते त्याला काही गाथा शिकवतात आणि लोकांची सभा भरलेली असताना, मुले तेथे बसलेली असताना त्या म्हणावयास सांगतात. कृतघ्न मुलांपेक्षा हातातली काठी बरी, असा त्या गाथांचा भाव आहे. ब्राह्मण तसे करतो. मुले त्याला घरी नेतात, स्नान घालतात आणि प्रत्येक जण वस्त्रांची जोडी देतो. जे दुःख चार भिंतींच्या आत दडपले गेले होते, ते सभेपुढे येताच त्याचे निवारण झाले.

हीच कथा धम्मपदाच्या अट्ठकथेत येते तेव्हा तिच्यात दोन गोष्टींची भर पडलेली दिसते. एक म्हणजे वृद्धाने आपली सारी संपत्ती आधीच मुलांत वाटून टाकली होती. दुसरी म्हणजे, आईवडिलांचे धन खाऊन त्यांना न पोसणाऱ्यास देहान्त दंड द्यावा, असा त्या काळी नियम होता, असे अट्ठकथाकार सांगतो. मूळ सुत्तात मुलांना वळवले ते लोकलज्जेने. अट्ठकथेत शिक्षेचे भयही आले आहे. केवळ लाज पुरेशी पडत नाही, असा अनुभव समाजाला मधल्या काळात आला असावा, असे अनुमान यावरून करता येईल.

अशोकाच्या लेखांत एक सूक्ष्म भेद लक्षात घेण्याजोगा आहे. चौथ्या शिलालेखाच्या गिरनार येथील प्रतीत मातापित्यांची शुश्रूषा आणि थेरांची, म्हणजे वृद्धांची, शुश्रूषा ही दोन वेगळी कर्तव्ये म्हणून येतात. वृद्धाचा सन्मान हा रक्ताच्या नात्यावर अवलंबून नाही, असा याचा अर्थ होतो. पाचव्या लेखात राजा आणखी एक पाऊल पुढे टाकतो. राज्याभिषेकाला १३ वर्षे झाल्यावर त्याने धम्ममहामात्र नेमले. अनाथ व वृद्ध यांचे हितसुख पाहणे हे त्यांच्या कामांपैकी एक होते. बंदिवानांपैकी जे वयोवृद्ध असतील त्यांच्या सुटकेचा विचारही तेथे आहे. या महामात्रांच्या कार्यक्षेत्रात रठिक, पितिनिक व इतर अपरांतवासी यांचा उल्लेख येतो.

आठव्या लेखात राजाच्या धम्मयात्रेचे वर्णन आहे. वृद्धांना भेटणे आणि त्यांना सुवर्णाचे साहाय्य देणे हा त्या यात्रेचा एक भाग होता. या लेखाचा एक खंड १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना ठाणे जिल्ह्यातील (आताच्या पालघर जिल्ह्यातील) सोपारा येथे मिळाला. सोपाऱ्याची प्रत अपुरी असली तरी गिरनार आदी ठिकाणच्या प्रतींवरून तिचा आशय कळतो. राजाने स्वतः वृद्धांच्या भेटीस जावे, हा विचार कोकणच्या किनाऱ्यावर त्या काळी दगडात कोरला गेला होता, ही गोष्ट महाराष्ट्राने विसरू नये.

आधुनिक भारतात संविधानाच्या अनुच्छेद ४१ ने वार्धक्यात सार्वजनिक साहाय्य मिळावे, असे निदेशक तत्त्व घातले. पुढे २००७ साली आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या चरितार्थाचा व कल्याणाचा कायदा झाला. ६० वर्षांवरील व्यक्तीस त्यान्वये न्यायाधिकरणाकडे जाता येते. अपत्यहीन वृद्धाची जबाबदारी त्याची मालमत्ता ज्याच्याकडे आहे वा जाणार आहे, त्या नातेवाइकावर टाकली आहे. कलम २३ प्रमाणे, सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, सांभाळ न झाल्यास परत मिळू शकते. अट्ठकथेतील ब्राह्मणाचे दुःख ते हेच. मात्र अट घातली होती की नाही, यावर येथे पुष्कळ अवलंबून असते. आणि मुलांपुढे अट घालताना आपल्याकडील आईबापांची जीभ अडखळते. म्हणून हक्काची माहिती वृद्धांपर्यंत पोहोचवणे, तीही मालमत्ता नावावर करून देण्यापूर्वी, हे विहारांचे व सामाजिक संस्थांचे काम ठरते.

दिल्ली-टोपरा स्तंभावरील सातव्या लेखात, राज्याभिषेकाला २७ वर्षे झाल्यावर, अशोक आपल्या कार्याचा आढावा घेतो. धम्माची वाढ दोन मार्गांनी होते, नियमांनी आणि निझतीने, म्हणजे मन वळवून विचार करावयास लावण्याने. त्यांत नियमांचा वाटा थोडा, निझतीचा अधिक, असे तो सांगतो. हे वचन कायद्याची उपेक्षा करण्यासाठी वापरता येणार नाही. ज्या राजाने नियमांना थोडे मानले, त्यानेच महामात्रांची नेमणूक केली व ती मोडली नाही. मन वळेपर्यंत म्हाताऱ्याने उपाशी राहावे, हे त्याला मान्य नव्हते. सन्मान ही अंतःकरणाची गोष्ट असेल. परंतु अन्न, वस्त्र आणि निवारा यांसाठी वृद्धाला कोणाच्या अंतःकरणाची वाट पाहावी लागू नये. सभा, महामात्र आणि न्यायाधिकरण यांचे प्रयोजन हेच होय.